मामांची विलायती घरं

माझ्या मामेसासऱ्यांनी मला फसवलं. भर अधिक महिन्यात, पाटावर बसवून, वर पुरणपोळी वाढून फसवलं. हळदीची पोती वाहता वाहता मी सांगलीत जुन्या सामानाचं दुकान उभं केलं. महाबळेश्वर-पाचगणीचे बंगले रिकामे व्हायला लागले तेव्हा तिथली कपाटं, आरसे, झुंबरं उचलली. निवृत्त कर्नल आणि संस्थानी कारभारी यांच्याशी घासाघीस करून त्यांच्या तोंडाला फेस आणला. पण सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मला पुरून उरलेला माणूस एकच, आणि निघताना मला त्याच्या पायाही पडावं लागलं.

मामा कोयना धरणाच्या कामावर नकाशे काढायचे आणि निवृत्तीनंतर साताऱ्याला राहायचे. त्यांचा नाद एकच: विलायतेतल्या मोठ्या घरांची जुनी छापील चित्रं. शेतीवाडीच्या मधोमध, तळ्याकाठी बांधलेली तिकडच्या सरदारांची ती घरं. साहेब लोक जाताना ती चित्रं बंगल्यांच्या भिंतींवरच सोडून गेले होते, आणि मी ती उचलायचो ते सागवानी चौकटींसाठी. मामा चौकटीची किंमत मोजत, चित्र काढून घेत आणि चौकट मलाच परत देत. "लाकूड तुमचं, घर माझं, जावईबापू," म्हणत. असं गिऱ्हाईक घरातच मिळालं म्हणून मी वर्षभर मनात हसलो.

मग एकदा त्यांनी मला चित्र बघायला बसवलं. आधी साबणाने हात धुवायचे, चहाचा कप दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि एका भेटीत एकच घर. दुसरं मागितलं तर म्हणत, "एका दिसात दोन घरी जेवतासा काय?" कडुनिंबाचा पाला घातलेल्या पत्र्याच्या ट्रंकेतून ते चित्र असं काढत, जसं पाळण्यातून लेकरू काढावं. हे रंगवलेलं नव्हे, त्यांनी सांगितलं. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड उडवायची, खालून ऊब द्यायची, पत्रा तेजाबात बुडवायचा. थोडा वेळ ठेवला तर सकाळचं आभाळ, जास्त ठेवला तर झाडाखालची सावली. मग शाई भरून कागदावर छापायचं. याला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात. मी भिंग लावलं. ढगात आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या बारीक बारीक भेगा होत्या, आणि भिंग बाजूला केलं की त्या भेगांचा पुन्हा ढग व्हायचा. तेजाबाने खाल्लेल्या तांब्यातून पावसाआधीचा उजेड उतरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आयुष्यात माल बघून त्याची किंमत मनात मांडायला मी कधी विसरलो नव्हतो. त्या दिवशी विसरलो.

कोयनेच्या भूकंपात क्वार्टरची भिंत कलली तेव्हा मामांनी आधी ट्रंक बाहेर काढली आणि मग मामींना हाक मारली. मामी हे आल्यागेल्याला सांगत. मामांचं उत्तर ठरलेलं होतं: "अगं, तुला पाय हायत. ट्रंकंला हायत का?" मेढ्याला भाच्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. सगळे जिलेबीचं कौतुक करत असताना मामा अंगणात एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून घराचं माप घेत उभे. म्हणाले, "खिडक्यांना कपाळच न्हाई रं ठेवलंस, वर लगीच छप्पर." भाचा वर्षभर बोलत नव्हता.

चित्राखाली घराचं नाव आणि परगणा छापलेला असे. त्या पत्त्यावर मामा नकाशातल्या सरळ अक्षरात पत्र लिहीत: आपलं घर सुखरूप आहे का? काही ठिकाणांहून उत्तरं येत. एखाद्या पत्रात असे की घर परवडेना म्हणून कधीच पाडलं. मग मामा उठून डोक्यावरून आंघोळ करत आणि त्या दिवशी जेवत नसत. एकदा कोरेगावचे पाहुणे ऐन अशा वेळी आले. ओल्या अंगाने ओसरीवर बसलेले मामा बघून त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं?" मामी आतून कडाडल्या, "नॉरफोकचं घर गेलं! बसा तुमी, च्या टाकते." पाहुणे बसले नाहीत. कोणीतरी गेलंय एवढंच त्यांना कळलं.

या सगळ्याला मी हसत होतो ते एका चित्रापर्यंत. ते मीच पाचगणीहून आणून दिलेलं होतं. चाळीस खिडक्यांचं घर, पुढे हिरवळ, हरणं. मामांनी भिंग घराच्या उजव्या अंगाला नेलं. तिथे भिंतीच्या सावलीत एक मागचं दार होतं, आणि त्या दाराशी तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस पाठीवर पोतं घेऊन पायरी चढत होता. पाठ कशी वाकवायची, मान कुठल्या बाजूला टाकायची, हे काढणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं. मी बारा वर्षं तसाच पायऱ्या चढलो होतो. माझं कोणी चित्र काढलं नव्हतं.

"मामा, हे मला परत द्या. म्हणाल ते देतो."

"इकत न्हाई."

दोन वर्षं मी घासाघीस केली, भांडलो, उठून गेलो, परत आलो. शेवटी मी जावयाचं हत्यार काढलं. माझे सासू-सासरे हयात नव्हते, म्हणून धोंड्याच्या महिन्यातलं आमचं वाण मामा-मामीच करत. दुष्काळानंतरच्या अधिक महिन्यात मी ताटावर अडून बसलो: चांदी नको, कापड नको, ते चित्र द्या. जावयाला पानावरून उपाशी कोण उठवणार? मामांनी माझ्या भातावर तूप वाढलं. "म्होरल्या अधिकात देतो," म्हणाले. "तवर बघू द्या मला."

तीन वर्षं थांबलो. श्रावण अधिक आला. औक्षण झालं, तेहतीस अनारशांचं ताट आलं, आणि नव्या टॉवेलात गुंडाळलेली चौकट. मी टॉवेल सोडला. काच होती, सागवान होतं, आत नुसता पांढरा पुठ्ठा.

"चित्र कुठं हाय, मामा?"

"बोटीत असंल आता."

त्या घराला आग लागली होती. उजवं अंग पुरतं जळालं होतं आणि ते कसं होतं हे दाखवणारं एकही चित्र मालकांकडे उरलं नव्हतं. मामांच्या पत्राला उत्तर देताना त्यांनी त्या चित्राचा फोटो मागितला होता.

"फोटू मागितला हुता न्हवं?" मी ओरडलो. रस्त्यापलीकडचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला.

"फोटूत दाराची चौकट कळत न्हाई. बांधनार कशावरनं?"

"आन् माझं वाण?"

"तुमची एक भिंत रिकामी ऱ्हाईल, जावईबापू. त्यांचं घरच न्हाई."

मामी म्हणाल्या, "मी तवाच म्हनलं, जावयाचं देऊ नगा. ऐकत्यात व्हय?" मग मामांनी पोस्टाची पावती माझ्या हातात ठेवली. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव आणि सांगलीच्या दुकानाचा पत्ता होता. "तुमचं हुतं, तुमच्याच नावानं धाडलं," म्हणाले. "उत्तर तुमालाच यील."

आलं नाही. महिन्यातून एकदा मी साताऱ्याला जायचो. मी चपला काढायच्या आत मामा विचारायचे, "आलं का वो पत्र?" पुढच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले, तरी प्रश्न तोच. मोडकी खुर्ची राजाची म्हणून विकलेला मी माणूस. आलं, दार पहिल्यासारखं बांधलं, एवढं एक खोटं बोलायला काय लागत होतं? पण त्यांच्या समोर जीभ उचलली नाही. मी "न्हाई अजून," म्हणायचो आणि ते म्हणायचे, "बांधकामाला येळ लागतो." ऊसतोडीच्या दिवसांत ते गेले.

माझं फसणं मी सोडून दिलं आहे. पण पत्ता स्वच्छ होता, अक्षर नकाशातलं होतं, आणि मालकांनी मागितलं होतं त्याहून जास्त मामांनी पाठवलं होतं. एक म्हातारा माणूस वर्षभर वाट बघत होता. ते दार बांधलं की नाही, हे दोन ओळींत कळवायला त्या घरवाल्यांना काय झालं होतं? याचा जबाब मला पाहिजे. मामा नाहीत, तरी पाहिजे.