आधी नेलेला अंक

“पुढच्या रविवारपासून हॉल झुंबावाल्यांना देते. चालेल ना?” आमच्या नाहूरच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल सावंतबाईंनी सरळ विचारलं. राग आला, पण हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो. पहिल्या रविवारी बावीस जण होते.

मी नोकरीभर सर्व्हर सांभाळले. निवृत्त झाल्यावर ओपन सोर्सचा गट काढला. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणीही उघडून बघावा, हवा तर बदलावा, असं सॉफ्टवेअर. पण आपल्याकडे गट काढला की आधी त्याचं मंडळ होतं. अध्यक्ष मी, मग सचिव, सहसचिव, सल्लागार. बॅनरवर कुणाचे फोटो, यात दोन रविवार गेले. कोडची एक ओळ लिहिली नाही. लोक कंटाळून गळले.

“बाई, एक महिना द्या.”

“महिन्यात काय दिवे लावणार? इथे दिवाळी अंकांनी माझं डोकं फिरलंय.”

वाचनालयाची योजना अशी, की एकदा वर्गणी भरायची आणि पुढे काही महिने एकेक दिवाळी अंक घरी न्यायचा. त्यांचं सॉफ्टवेअर ओपन सोर्सच होतं. अंक आत्ता कुणाकडे आहे ते सांगायचं, पण कुणी कुठला आधी नेलाय ते नाही. लोक घरून परत यायचे, “बाई, हा वाचलाय मी!” की काउंटरवर भांडण.

आमच्यातली प्रणाली टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढायचा पगार घेते. ती तिथेच लॅपटॉप उघडून बसली.

“मॅडम, नोंद आत आहे, फक्त दाखवत नाहीये. झकास काम आहे यार!”

आम्ही जोशात असा बदल केला, की आधी नेलेला अंक सॉफ्टवेअर देऊच देईना. सावंतबाई भडकल्या. “अहो, परबकाकांना तोच परत वाचायचाय! अडवू नका, नुसतं सांगा.”

मग स्क्रीनवर पिवळी पट्टी आली, ‘आधी नेला आहे’. भांडणं थांबली. रांगेतल्या दोघी हे कुणी केलं विचारत हॉलमध्ये आल्या, त्या राहिल्याच. गळलेलेही काही परतले. बदल आम्ही ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मूळ टीमला पाठवला. परदेशातून प्रश्न आला, दिवाळी अंक म्हणजे काय? प्रणालीने लांबलचक उत्तर लिहिलं. बदल स्वीकारला गेला.

महिना संपला तेव्हा आम्ही अकरा जण होतो. सावंतबाई आल्या. “झुंबावाल्यांना शनिवार दिलाय,” म्हणाल्या, आणि सॉफ्टवेअरच्या आणखी नऊ तक्रारींचा कागद माझ्या हातात ठेवला. इतका आनंद मला प्रमोशनचाही झाला नव्हता.

गट कसा सुरू करायचा, असं हल्ली कुणी विचारलं तर सांगते, आधी कुठल्या तरी काउंटरपाशी अर्धा तास उभे राहा आणि भांडणं ऐका.