दहाची फणी

मी धुळ्याची. आमच्याकडे कापूस, केळी आम्ही फक्त सोलून खाल्लेली. बदली होऊन फैजपूरजवळच्या एका गावात दुसरीचा वर्ग मिळाला, तेव्हा कळलं की केळीबद्दल मत नसलेला माणूस इथे सापडायचा नाही.

वर्गात काय चाललंय ते घरी कळावं म्हणून मी पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. दर शनिवारी लिहायची, या आठवड्यात आपण हे शिकलो, घरी मुलांना असं विचारा. उत्तर म्हणून अंगठे यायचे. कधी गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ', तेही दुपारी तीनला. मी कपाळाला हात लावायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा लिहायला बसायची.

कारण मला एका बापाला ते वाचायला लावायचं होतं. त्याची मुलगी माझ्या अगदी समोर बसायची. गणितात तयार, तोंडाने त्याहून तयार. बाप मला सांगून गेला होता, "मॅडम, जूनमध्ये दाखला काढतो. फैजपूरला इंग्लिश मिडियमला टाकू. इथं काय शिकवता, काही समजत नाही." मला ते चांगलंच झोंबलं. ही पोरगी गेली तर मला वर्गात करमणार नाही, हे मात्र मी त्याच्याजवळ बोलले नाही. मेसेज पाठवत राहिले. तो वाचायचा, मेसेज कोणी वाचला त्या यादीत त्याचं नाव दिसायचं, पण अंगठासुद्धा द्यायचा नाही.

मग दशक शिकवायची वेळ आली. परिसरातलं उदाहरण द्या, असं प्रशिक्षणात घोकून घेतलेलं. मी मोठ्या झोकात लिहिलं, 'दहा केळी म्हणजे एक फणी, म्हणजेच एक दशक. घरी मोजून घ्या.' आणि स्वतःवरच खूश होऊन चहा टाकला.

चहा उकळायच्या आत ग्रुप जागा झाला. एकाने लिहिलं, 'मॅडम, दहा केयांची फनी आम्ही त कधी पाह्यली नही.' दुसऱ्याने आपल्या बागेतल्या घडाचा फोटो टाकून प्रत्येक फणीवर लाल आकडा काढून पाठवला. एका आईने तर फार मायेने विचारलं, 'मॅडम, धुळ्याला केळी मिळतात ना?' शेवटी त्या मुलीच्या आजोबांचा, आबांचा, व्हॉइस मेसेज आला. त्यांना वाचता येत नव्हतं; पोराने, म्हणजे त्या बापानेच, मेसेज वाचून दाखवला होता. वरची फणी कशी सोळा-अठरा केळ्यांची, खाली येईल तशी कशी लहान होत जाते, हे त्यांनी खोकत खोकत पाच मिनिटं समजावलं. मी लाजेने लाल झाले, तरी शेवटपर्यंत ऐकलं.

सोमवारी आबा स्वतःच हजर. पोराच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर अख्खा घड घेऊन. बापाने तो खिडकीच्या गजाला बांधला आणि दारात उभा राहिला. घड हिरवा नि कच्चा होता म्हणून पोरांच्या तावडीतून वाचला. वरची फणी मोजायला मुलगी पुढे झाली.

"सोळा. एक दशक, सहा एकक."

"म्हंजे दशक दहाचंच?" आबांनी विचारलं.

"दहाचंच, आबा. फणी सोळाची. मॅडम चुकल्या."

सगळ्या वर्गासमोर, इतक्या शांतपणे माझी चूक आजवर कोणी काढली नव्हती. त्याच दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, 'फणी दहाची नसते, दशक दहाचंच असतं. चूक माझी.' त्यावर भरभरून अंगठे आले. बापाचा काही आला नाही.

जूनमध्ये तो शाळेत आला. मी ओळखलं. दाखल्याचा कोरा अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. माझं तोंड उतरलेलं होतं, ते काही लपलं नसणार.

"राहू द्या, मॅडम," तो म्हणाला. अर्ज माझ्याकडे परत सरकवला. "त्या शाळेचा ग्रुप पाहिला मी, शेजाऱ्याच्या मोबाइलवर. सगळं इंग्रजीत. मला एका ओळीचा अर्थ लागला नाही. तुमची चूक आमच्या आबांनी धरली. तिथं चूक झाली, तर आमच्या घरात कोणाला कळणार?"