मुबारकभाईंचा खल

भोरच्या एका कॉलेजात मुबारकभाई रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. त्यांचे वडील सुरमा घोटायचे. सात दिवस घोटूनही भुकटी बोटांना खरखरीत लागली, तर पुन्हा खलात टाकायचे. तो हात मुबारकभाईंकडे आला होता, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

२००७ साली तिथं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या स्नेहल मॅडमनी वेगळंच काम काढलं. तांब्याचा एक क्षार आणि एक सेंद्रिय आम्ल, दोन्ही कोरडी, पाण्यात न विरघळवता नुसती घोटायची. घोटता घोटता तांब्याचा कण गाठ होतो, आम्लाचा रेणू दोरा होतो, आणि भाटघर धरणात मासे धरायला टाकतात तसलं जाळं आपसूक विणलं जातं. परदेशात हे यंत्रात दहा मिनिटांत होत होतं. भोरात यंत्र नव्हतं. मॅडमनी घड्याळ लावलं, मुबारकभाईंनी दहा मिनिटं घोटलं आणि भुकटी क्ष-किरणांच्या तपासणीला पुण्याला गेली.

आलेख आला. नव्या रेघांशेजारी जुन्या मालाच्या रेघाही उभ्याच होत्या, म्हणजे काही क्षार आणि आम्ल न विणता तसंच उरलं होतं. हाताने हे पूर्ण होत नाही, असं म्हणून मॅडम विषय बंद करायला निघाल्या.

मुबारकभाईंना ते झोंबलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, तुम्ही थांबवलंत तेव्हा खलातून शिरक्याचा आंबट वास नुकता भरात आला होता. मॅडम चमकल्या. जाळं विणताना क्षारातून अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, सुटतं, त्याचाच तो वास. वास येतोय तोवर विणकाम चालू.

“मग पुन्हा एकदा करू. किती वेळ लागेल?”

“घड्याळ यंत्राला, मॅडम. मला नाक हाय.”

साडेदहाला ते बसले. कडेची भुकटी खरवडून मधे आणायची, पुन्हा घोटायची. गेनू शिपाई दारात थबकला.

“भाई, लोणचं कुणाच्या घरचं?”

“तुज्या सासरचं. दार लाव, वास उडतोय.”

हिरवट रंग उतरत फिका निळा झाला. दुपारी त्यांनी खल झाकून ठेवला. पाव तासाने झाकण उचलून हुंगलं. वास नव्हता. तरी अर्धा तास आणखी घोटलं.

दहा दिवसांनी पुण्याहून नवा आलेख आला. जुन्या रेघांच्या जागा सपाट होत्या. मुबारकभाईंनी त्यावरून सावकाश बोट फिरवलं.

मॅडमनी त्यांच्याकडे खुर्ची सरकवली आणि कोरं पान उघडलं. “तुम्ही कृती सांगा. मी लिहून घेते.”

“लिवा,” मुबारकभाई बसत म्हणाले. “आदी खल कोरडा करून घ्यायचा.”