वरवंट्याने तोडलेली फाईल

माझ्या भावाने, नागेंद्रने, सौम्याचा डावा हात पाट्यावर दाबून धरला आणि वरवंटा आपटला. पहिला घाव तिच्या मोबाइलवर, दुसरा बोटांवर. वाळकी शेंग मोडावी तसा आवाज आला. मी मध्ये पडले तर त्याने कोपराने मला भिंतीवर आदळले. तोंडात रक्त आले. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे समजेल.

सौम्या माझी भावजय. खानापूरकडची शेतकऱ्याची पोर, मराठी शाळेत शिकलेली, खासबागेतल्या एका ऑफिसात प्रोग्रॅम लिहिते. माझे मालक वारल्यापासून मी शहापुरात भावाकडेच राहत होते. पाच वर्षे मी तिचा मार बघितला. कधी पट्टा, कधी कुकरचे झाकण. एकदा गाडीच्या किल्लीने कानामागे फाडले. ती ओढणी गुंडाळून ऑफिसला जायची. दिवसभर त्याचे मेसेज यायचे, जाळीन, तोडीन, विहिरीत घालीन. ती एकही पुसत नव्हती.

त्या संध्याकाळी वाटेवरूनच त्याचा मेसेज आला. वाचून तिचा चेहरा उतरला. तिने सगळे मेसेज एका फाईलमध्ये घालून मोबाइलवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाठवायला सुरुवात केली. नेट हळू चालत होते. तेवढ्यात तो घरात आला, आणि फाईलचे शेवटचे टोक जायचे राहिले असताना वरवंटा पडला.

पोलिसांत जायच्या आधी गावच्या पंचांनी आम्हाला यल्लम्माच्या देवळात बसवले. नागेंद्र भंडारा उचलून म्हणाला, “मी कधी धमकी दिली न्हाय. पाटा घसरला नि हिच्या हातावर पडला.” आमच्यात देवीची हळद अशी उचलून शपथ घेतली की बोलणे संपते. पंचांतले मष्णू आप्पा म्हणाले, “झालं की गं पोरी. देवीम्होरं बोललाय त्यो. आता कोर्टबिर्ट नगो.” मी गप्प बसले. घरी येऊन दिवा लावला, पण देवीकडे वर बघवले नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि सौम्याबरोबर खासबागेत खोली घेतली.

त्याला तिच्यापासून लांब ठेवायचा हुकूम कोर्टाकडून मिळवायचा होता. मिळाला नाही तर तो खोलीचे दार मोडून येणार, हे आम्हा दोघींना माहीत होते.

सुनावणीच्या आदल्या दुपारी आमच्या प्रियदर्शनी वकीलबाईंना घेऊन मी सौम्याच्या ऑफिसात गेले. सौम्या प्लास्टरचा हात टेबलावर ठेवून एका हाताने टाइप करत होती. मेसेजची फाईल एक्सएमएल नावाच्या पद्धतीची होती. तिने मला समजावले ते असे: डब्यात डबे असतात. मोठा डबा उघडल्याची खूण वर, बंद केल्याची अगदी खाली. आत एकेक मेसेज आपापल्या डबीत, तारीख-वेळेसकट. हे सगळे तिने प्रोग्रॅममध्ये एका लांबलचक मजकुरासारखे घेतले होते. वाचणारा भाग शेवटची खूण शोधायचा. ती वरवंट्याने तोडलेली. मग तो चारशे बारा मेसेजांतला एकही द्यायला तयार नव्हता.

“अगं, मग बंदची खूण तूच टाक की खाली,” वकीलबाई म्हणाल्या. “एका ओळीचा तर प्रश्न.”

“उद्या त्यांचा वकील विचारणार, फाईलला हात लावला का? मला व्हय म्हणावं लागंल. मग एक ओळ माझी तर सगळ्याच माझ्या.”

“आणि न लावता वाचायची कशी?”

“सगळं एकदम पुढ्यात टाकायचं न्हाय. घास घास भरवायचं. जी डबी पुरी झाली ती बाहेर काढायची. जिथं तुटलंय तिथं थांबायचं.”

दीड तास तिने एका हाताने लिहिले. मूळ फाईल होती तशीच राहिली. चारशे अकरा मेसेज ओळीने बाहेर पडले. शेवटचा आला नाही. तो कच्च्या मजकुरात तुटका दिसत होता: “उद्या ऑफिसला गेलीस तर तुझ्या हाताची”. पुढे काही नाही.

वकीलबाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही घरात होता. सौम्या फिर्यादी, तिचा एकटीचा शब्द पुरणार नाही. तुम्हीही पुढचं वाचलं होतं म्हणून सांगा. हुकूम नक्की.”

मी तयार झाले होते, खरे सांगते.

“आक्का,” सौम्या म्हणाली, “वाचलं न्हाईस तर वाचलं म्हणू नगो. एक खोटं बोलून त्यो सुटायला बघतोय. आपण तसं सुटायचं न्हाय.”

कोर्टात त्यांचा वकील तो तुटका कागद हलवून हसला. “हाताची काळजी घेईन, असंच असणार की साहेब! नवरा आहे तो!” मागे दोघेतिघे खिदळले. जज्जसाहेबांनी मला पुढे बोलावले. विचारले, पुढे काय होते?

“वाचलं नाही साहेब,” मी म्हणाले. “तो घरात आला. तिचा हात पाट्यावर धरला. वरवंटा दोनदा मारला. पाटा घसरला नाही. तो जमिनीत बसवलेला आहे.”

नागेंद्र उठून ओरडला, “रांडे, भंडारा उचललाय मी! देवी तुला बघंल!” पोलिसाने त्याला खांद्याला धरून खाली बसवले. साहेबांनी चारशे अकरा मेसेजांतली पाने उलटली. कितीतरी वेळ. मग हुकूम लिहायला सांगितला.

सौम्याची दोन बोटे आता मुठीत येत नाहीत. ती आठ बोटांनी टाइप करते. भाऊ दोनदा गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. दोन्ही वेळा पोलिसांनी नेला. मी मंगळवारी यल्लम्माला जाते. भंडारा लावून घेते. परवा देवीकडे वर बघितले.