अस्मरची सोयरीक

अस्मर धुणंवालीनं साठाव्या वर्षी दुसरं लग्न करायचं ठरवलं आणि कटामोनच्या अख्ख्या वस्तीला हसू आवरेना. इराकमधल्या झाखोहून जेरुसलेमच्या या वस्तीत येऊन तिला बारा वर्षं झाली होती. नवरा तिकडच्याच मातीत राहिला, तिन्ही मुली इथं उजवल्या. आता दवाखान्याच्या चादरी पिळताना ती पाण्याशीच बोलायची, तेही आपल्या अरामीत. हिब्रू काही तिच्या जिभेवर बसत नव्हती.

शेजारीण नाझे म्हणाली, "अगं, बाबाजान म्हणून विधुर आहे, इराणातल्या उर्मियाचा. गाद्या शिवतो. आपलीच भाषा बोलतो की!"

बाबाजान चहाला आला. अस्मरनं विचारलं, घर कुठंय? घराला ती 'बेसा' म्हणाली. बऱ्याच वेळानं त्याच्या डोक्यात उजेड पडला, "हां, बेला!" हाताला ही म्हणे 'इझा', तो म्हणे 'इला'.

"नाझे, हा बोबडा आहे का गं?"

"मी बोबडा? जीभ तुझी वाकडी!" एवढं मात्र त्याला बरोब्बर कळलं.

शेवटी तुर्कांचे, इराण्यांचे, कुर्दांचे उसने शब्द धावून आले. 'चाय' दोघांना कळलं, 'बाजार' कळलं. त्यानं गुडघा दाबून 'दर्द' म्हटलं, तिनं कंबर धरून 'दर्द' म्हटलं, आणि दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. सोयरीक जमली.

लग्नात रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, लग्नाचं करारपत्र वाचू लागले. भाषा दीड हजार वर्षांपूर्वीची अरामी. ती कुणाला कळत नसल्यानं पाहुणे नेहमी डुलक्या काढत. वाचता वाचता रब्बी बायकोच्या हक्कासाठी तारण असलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवर, अगदी त्याच्या खांद्यावरच्या अंगरख्यापर्यंत आले, आणि मांडवाखालून आवाज आला, "अंगरखा नको मला! काखेत उसवलाय."

रब्बींनी कागदावरून मान वर केली. "बाई, तुम्हाला हे कळतंय?"

"न कळायला काय झालं? भाषा आमचीच. तुम्ही जरा जुनाट बोलता, एवढंच."

"काखेत नाही, पाठीत उसवलाय," बाबाजान म्हणाला.

मांडवात हास्याचा स्फोट झाला. रब्बी खुर्चीवर टेकले, पोट धरून हसले, आणि उरलेलं पत्र त्यांनी थांबत थांबत, चक्क अस्मरला विचारत वाचलं. ती प्रत्येक कलमाला मान डोलवायची, दोन ठिकाणी तिनं हरकतही घेतली. मग ढोल वाजला. अस्मर अशी नाचली की एक चप्पल शेजारच्या गच्चीवर जाऊन पडली.

तिसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदाच, ती उशिरा, दहा वाजता कामावर पोचली. मुकादम काही बोलायच्या आत म्हणाली, "नवी नवरी आहे मी, समजून घ्या!"