नवीन पत्रे: शून्य

ज्या दिवशी माणसाचा शब्द तारेवरून धावू लागला, त्या दिवसापासून पृथ्वीवरचं प्रत्येक अंतर मरणपंथाला लागलं आहे.

हे वाक्य माझं आहे. नव्वदचं दशक संपायला दोन-एक वर्षं राहिली होती. श्रीरामपुरात एका कापडदुकानाच्या माडीवर आमचं संगणक केंद्र होतं आणि तिथे इंटरनेट सुरू होणार होतं. उद्घाटनाच्या पाहुण्यांसाठी मी ते वाक्य लिहून दिलं. पाहुण्यांनी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा टाळ्या पडल्या नाहीत. मग त्यांनी कळ दाबली. मोडेमने नगरच्या इंटरनेट कचेरीचा नंबर फिरवला, बराच वेळ घसा खाकरला आणि तो गप्प बसला. पडद्यावर लाल चौकटीत इंग्रजी मजकूर आला. संचालक माझ्या कानाशी लागले, "कालचं साठवलेलं पान उघडा." मी उघडलं. ताजमहालाचं चित्र होतं. जग आपल्या दारात आलं, असं संचालकांनी जाहीर केलं, आणि आग्र्यापर्यंतचं जग पाहून मंडळी पेढे खायला खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी मी राहात्याहून एसटीने पोचतो तोच संचालकांनी बोलावलं.

"मास्तर, कालच्यासारखं परत होता कामा नये."

"लाईन माझ्या हातात नाही, साहेब."

"लाईनचं कोण बोलतंय? तो लाल एरर आला, त्याचं बोलतोय. पाहुण्यांसमोर लाल काही दिसायचं नाही. हिरवं दिसलं पाहिजे. आणि मराठीत."

मी शिकवायचो आणि प्रोग्रॅमही लिहायचो. हाही लिहिला. केंद्रात फोन एकच होता आणि तो गिऱ्हाइकांनाही लागायचा, म्हणून माझा प्रोग्रॅम दिवसातून दोनदा नगरला फोन लावायचा, जायची ई-मेल पाठवायचा, आलेली उतरवून घ्यायचा आणि फोन ठेवून द्यायचा. सगळ्या गिऱ्हाइकांसाठी पत्ता केंद्राचाच असायचा. पत्रावरचं नाव पाहून आम्ही ते ज्याचं त्याला द्यायचो. फोन लागला की पडद्यावर हिरवं वर्तुळ उमटायचं, 'जोडणी झाली आहे' अशी अक्षरं यायची आणि त्याखाली 'नवीन पत्रे' लिहून पुढे आकडा.

यात एक गोम होती आणि ती मला माहीत होती. फोन लागणं वेगळं आणि पलीकडे पत्रं सांभाळणाऱ्या संगणकाने उत्तर देणं वेगळं. फोन लागूनही तो संगणक गप्प राहू शकतो. अशा वेळी पडद्यावर 'उत्तर नाही' असं लिहायला हवं होतं. पण ते लाल दिसलं असतं. मी तिथे शून्य ठेवलं. शून्य हा सभ्य आकडा आहे, पाहुण्यांसमोर शोभतो.

गिऱ्हाइकं फार नव्हती. कॉलेजची मुलं यायची, एकमेकांना पत्रं पाठवायची आणि ती पोचली का हे विचारायला एकमेकांच्या घरी जायची. खरोखरची गरज असलेला माणूस एकच आला. साठी ओलांडलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेला. दौंड-मनमाड लाईनवरच्या लहान लहान स्टेशनांवर त्याची सगळी नोकरी गेली होती. मी त्यांना मास्तर म्हणालो तर त्यांनी हात वर केला.

"मास्तर तुमी. मी रिटायर हाय. काका म्हना."

काकांना मुलीला पत्र पाठवायचं होतं. मुलगी नर्स, आखातातल्या एका मोठ्या इस्पितळात. तिने बरोबरच्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं, तेव्हा काकांनी तिला दारातून परत पाठवलं होतं. त्याला तीन वर्षं झाली होती. मधल्या काळात काकू गेल्या. मुलीला कळवलं गेलं, पण दहावं झाल्यावर. हे सगळं काकांनी मला सांगितलं नाही. पत्रात सांगितलं, आणि पत्र टाईप मी करत होतो.

पत्र चार ओळींचं होतं, पण त्याला दोन तास लागले. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. 'तुझं चुकलं असं मी म्हणालो होतो. माझंबी चुकलं,' असं त्यांनी सांगितलं आणि मी टाईप केलं. मग ते म्हणाले, "ते 'बी' काढा. नुसतं माझं चुकलं असं ठिवा."

मी ठेवलं. पत्र गेलं. उत्तर कधी येईल म्हणून त्यांनी विचारलं, तर मी म्हणालो, तिने आज वाचलं तर आजसुद्धा येईल. हे मी थोडं ऐटीत म्हणालो. नवीन मशीन जवळ असलेल्या माणसाला अशी ऐट येते.

त्यानंतर ते मंगळवारी आणि शनिवारी येऊ लागले. येऊन बाकावर बसायचे, दुपारचा फोन लागेपर्यंत. हिरवं वर्तुळ यायचं. नवीन पत्रे शून्य.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी उठून पडद्याजवळ येऊन विचारलं, "मास्तर, हे हिरवं कोन देतं?"

"म्हणजे?"

"म्हंजे आमच्याकडं कसं हुतं, लाईन शिंगल, जायला-यायला एकच. मला गाडी सोडायची असली तर मी माझ्या मनानं सोडू शकत न्हवतो. पुढच्या स्टेशनाला घंटी द्यायची. त्यानं घंटीनं कबूल केलं, तवाच यंत्रातनं परवान्याचा गोळा निघायचा. गोळा हातात पडल्याबिगर ड्रायव्हर गाडी हलवीत न्हाई. पुढचा गप बसला, तर आपली बी गाडी बंद. रूळ साफ दिसतोय म्हनून सोडली असं चालत न्हाई."

"बरोबर."

"मग ह्यो हिरवा तुमचा का पुढच्याचा?"

मी हसलो. त्यांना समजावून सांगितलं की ही रेल्वे नव्हे, इथे सगळं आपोआप होतं, फोन लागला नसता तर हिरवं आलंच नसतं. मागे दोन विद्यार्थी बसले होते. त्यांतला एक म्हणाला, "काका, तिकडं कंदील न्हाई दाखवावा लागत." काका पण हसले. म्हणाले, "आसल. तुमी शिकलेले हाय." आणि बाकावर जाऊन बसले.

सहा आठवडे ते येत राहिले. शेवटच्या शनिवारी त्यांनी शून्य पाहिलं आणि बाहेर ठेवलेल्या चपला घालताना, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "तिचं बरोबर हाय. मी तीन वर्षं गप बसलो. तिनं का बोलावं?"

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. शनिवारीही नाहीत.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी एका विद्यार्थ्याच्या पुण्याच्या मामेभावाने केंद्रात फोन केला आणि विद्यार्थ्याला झापलं. महिनाभरात तीन पत्रं पाठवली, एकाला उत्तर नाही, माज आलाय का. विद्यार्थी मला विचारायला आला. मी माझा प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि साध्या पद्धतीने, एकेक आज्ञा हाताने टाईप करत, पलीकडच्या संगणकाला हाक मारली. त्याने ओ दिली नाही. नगरला फोन केला. पलीकडच्या माणसाने जांभई देत सांगितलं, पत्रं सांभाळायचं मशीन बदलून बरेच दिवस झाले, नवं नाव घाला. जाणाऱ्या पत्रांचं मशीन वेगळं असतं, त्यामुळे जात सगळं होतं. येत काहीच नव्हतं. जवळजवळ दोन महिने माझा प्रोग्रॅम एका रिकाम्या घराचं दार ठोठावत होता आणि परत येऊन घरात सगळं ठीक असल्याचं सांगत होता.

इतके दिवस कुणाची तक्रार कशी आली नाही, हे मला नंतर कळलं. कॉलेजच्या मुलांची हौस तोवर फिटली होती आणि बाकीच्यांना कुणाकडून पत्र येण्याची अपेक्षाच नव्हती.

नवं नाव घातलं. एकवीस पत्रं उतरली. त्यांतली पाच काकांच्या नावची होती.

मी केंद्राची सायकल काढून त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. माझी चूक आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं असं वाटेत ठरवलं होतं, पण ते चौथ्या वाक्यात आलं. त्यांनी पेपरची नीट घडी केली. आत जाऊन शर्ट बदलून आले.

केंद्रात त्यांनी पाचही पत्रं स्वतः वाचली. स्टेशनवर इंग्रजी अक्षरं लावून मराठी वाचायची सवय नसते, म्हणून ओठ हलत होते, आणि त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. पहिलं पत्र त्यांच्या पत्रानंतर दुसऱ्याच दिवशीचं. 'ड्यूटीवर वाचलं, बाथरूममध्ये जाऊन रडले, सिस्टरने विचारलं तर सांगितलं वडलांचं पत्र आलंय.' दुसऱ्यात, उत्तर का नाही. तिसऱ्यात ती सुट्टीवर येणार होती, पुण्याला सासरी आठ दिवस. 'तुम्ही नुसतं ये म्हणून कळवलं तर श्रीरामपूरला येते. न विचारता येणार नाही, एकदा दारातून परत गेले ते पुरे.' चौथं पुण्याहून, दोन ओळींचं. वाट पाहिली, उद्या निघते.

पाचवं पत्र वाचायला त्यांना वेळ लागला. नवऱ्याला आणि तिला दुसऱ्या देशात नोकरी मिळाली होती. हा पत्ता इस्पितळाचा, महिनाअखेरीला बंद होईल. 'नवा पत्ता तुम्हाला हवा असला तर कळवा. नको असला तर काही लिहू नका, मी समजेन.'

महिना संपून नऊ दिवस झाले होते.

काका म्हणाले, "लिवा." मी लिहिलं. पत्र मिळालं नव्हतं, मशीनचा घोटाळा होता, ये. 'मशीनचा' नको, माझं नाव घाला, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "तिला तुमचं नाव काय करायचंय."

पत्र पाठवलं. त्यांनी घरी जावं असं मला वाटत होतं, पण ते बसून राहिले. चारच्या सुमाराला पुन्हा फोन लावला. एक पत्र आलं होतं. आमचंच होतं, वर पलीकडच्या संगणकाने इंग्रजीत लिहिलं होतं की या नावाचं इथे कुणी नाही. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी त्याची प्रत मागितली. प्रिंटरची रिबन सुकली होती, अक्षरं फिकट उमटली. कागदाची चौकोनी घडी करून त्यांनी ती पेनांमागे खिशात ठेवली.

"पुण्याला तिचं सासर कुठं आहे?" मी विचारलं. "तिथे चौकशी करता येईल."

"नवऱ्याचं नाव ठावं हाय. आडनाव मी इचारलंच न्हाई कवा."

त्यांनी इस्पितळाच्या पत्त्यावर पोस्टाने पत्र टाकलं. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता मी लिहिला. मग आणखी एक टाकलं. पाच-सहा महिन्यांनी मी ती नोकरी सोडून पुण्याला आलो, तोपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं. जाण्याआधी त्यांना भेटलो तेव्हा त्यांनी मला रागाने एखादा शब्द बोलावा अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी चहा दिला आणि गाडीत खिडकीची जागा धरा, असं सांगितलं.

पत्र परत आलं त्याच दिवशी संध्याकाळी, काका घरी गेल्यावर, मी प्रोग्रॅम दुरुस्त केला: शून्याच्या जागी लाल अक्षरांत 'उत्तर नाही'. तीन ओळी बदलाव्या लागल्या.