गुडघा टेकायचा नवस

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला नीट सांगता येत नाही. मी वीजखात्यात लाइनमन. धाडच्या बाजूला नव्याने तारा ओढत असताना खांबावरून उतरताना पाय अडकला, गुडघा पिळला आणि आतला स्नायुबंध तुटला. नंतर चालताना गुडघा अवचित निसटायचा. खांबावर न चढणाऱ्या लाइनमनला कामावर ठेवणार कोण?

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, तुटलेली टोकं टाक्यांनी जोडू. कापाकापी कमी, गुडघा छान वाकेल. नागपूरच्या डॉक्टरांना ते पटेना. गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड कंडरेतून पट्टी काढून, हाडाला छिद्र पाडून ती तुटलेल्या बंधाच्या जागी ओवली, तर गुडघा पक्का राहील, असं त्यांचं म्हणणं. मात्र जखम मोठी, आणि पुढे गुडघा टेकणं जड जाईल. दोघेही जाणते. माझं काही ठरेना. घरी परतताना, आयुष्यात पहिल्यांदाच, मी देवीला म्हणालो, आता तूच सांग.

मलकापूरला एसटीत एक धोतरवाले गृहस्थ शेजारी बसले. माझी काठी आणि अंगातला वीजखात्याचा शर्ट पाहून, न विचारताच त्यांनी धोतर वर करून गुडघ्यावरचा जुना व्रण दाखवला. "टाके घातले होते. वरीसभर मस्त राह्यलं, मंग ढिले पडले. खांबावर चढाचं असन तं पक्कं करा, भाऊ." मोताळ्याला ते उतरून गेले, नाव विचारायचं राहिलं. याला योगायोग म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. एकाच्या गुडघ्यावरून दुसऱ्याचं ठरत नसतं, हेही कळत होतं. पण मन निवांत झालं, आणि मी नागपूर गाठलं.

पुढे प्लास्टर निघालं, यथावकाश खांबही चढलो. तेव्हा कुठे आईने सांगितलं, "लोणारच्या देवीले बोलली व्हती मी. तू पटांगणातून गाभाऱ्यापरेंत गुडघ्यावर जाशीन म्हनून." मला हसावं की रडावं कळेना. देवीचं देऊळ विवराच्या तळाशी; तो उतार उतरताना गुडघा एकदाही निसटला नाही. पण देवळापुढे टेकवला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. नवस फिटायचा राहणार या विचाराने मी खरोखर घाबरलो.

आईने मला दंडाला धरून उभं केलं, लुगडं खोचलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसली.

"अवं, तू काऊन?"

"नवस म्या बोलला. तू उभं राहावं, हेच तं मांगतलं व्हतं तिले."

ती सरकू लागली आणि मी शेजारून चालत राहिलो. शरण जाणं म्हणजे आपण वाकणं, एवढंच मला ठाऊक होतं. दुसऱ्याने आपल्यासाठी वाकलेलं मुकाट घेणं त्याहून अवघड निघालं. गाभाऱ्याशी पोचल्यावर, उठवून घ्यायला तिने माझ्याकडे हात वर केला. तिचे गुडघे सोलले होते. तिला उचलताना सगळा भार मी त्याच पायावर घेतला. पाय हलला नाही.